अख्खा वाटा

माझ्या बाबांचे पाय एका उन्हाळ्यात गेले, आणि ते नेणारं विष आमच्याच चुलीवर, माझ्या मायच्या हातानं शिजत होतं. मी हे असं सरळच सांगते, कारण लोकांना आडून आडून विचारायची भारी हौस. "लहानपणी पोलिओ झालता का जी बाबाले?" "ट्रकनं उडवलं होतं का?" काही शहाणे तर विचारतही नाहीत, दारूनं गेले असतील म्हणून मोकळे होतात. त्यांना मी तोंडावर सांगते, दारू नाही, लाखोळी. मग त्यांचा चेहरा पाहण्यासारखा होतो. लाखोळीची डाळ? ती तर आमच्याही घरी शिजते! शिजवा ना बाप्पा, कोण नाही म्हणतं? तिचे वडे मलाही आवडतात. पण आधी माझं ऐकून घ्या.

मी आज आरमोरीकडच्या एका सरकारी दवाखान्यात नर्स आहे. शाळेत मला 'लंगड्याची पोट्टी' म्हणायचे. म्हणणाऱ्यांपैकी एकाच्या झिंज्या मी अशा धरल्या होत्या की त्याला अजून आठवत असेल, परवा बाजारात मला पाहून रस्ता ओलांडून पलीकडे गेला. लाज मला तेव्हाही वाटली नव्हती. आता तर बाबा दोन काठ्या टेकत, पाय एकमेकांत गुंतवत, चवड्यांवर चालत दवाखान्याच्या दारात मला डबा द्यायला आले की माझ्या अंगावर मूठभर मांस चढतं. नव्या डॉक्टरांना मी आपणहून सांगते, हे माझे बाबा.

आम्ही ढीवर, मासे धरणारे. गावाच्या वरच्या अंगाला जुना मालगुजारी तलाव आहे, त्याच्यावर आमची आळी जगते. उन्हाळ्यात पाणी उतरलं, कडेला छातीभर अन् मधात डोक्यावर एवढंच राहिलं, की मच्छीमार सोसायटीचे सगळे पुरुष मिळून मोठं ओढजाळ टाकतात. निघालेली मासळी पाळीवर, म्हणजे तलावाच्या बांधावर, आणायची आणि तिचे वाटे लावायचे. नियम एकच, तो कोणी कागदावर मांडलेला नाही आणि कोणी मोडतही नाही. पाण्यात उतरला त्याचा अख्खा वाटा, पाळीवर बसला त्याचा अर्धा. पाळीवर बसणार म्हातारे, आजारी, आणि ज्यांच्या घरात उतरायला पुरुष उरला नाही अशा बाया. अर्धा वाटा म्हणजे काही भीक नाही, हक्कच आहे. पण तो उचलताना माणूस जरा जास्तच वाकतो, एवढं मी लहानपणापासून पाहत आले.

बाबा कधी पाळीवर बसले नव्हते. तलावाच्या बुडाशी जुन्या झाडांचे खुंट आहेत, जाळं हमखास त्यांना अडकतं. मग कोणीतरी बुडी मारून, हातानं चाचपत ते सोडवायचं असतं. आमच्या तलावात ते काम बाबांचं. खाली गेले की बराच वेळ वर येतच नसत, पाळीवरच्या बाया कुजबुजायला लागत, अन् मग भलतीकडूनच त्यांचं डोकं वर यायचं, दात दाखवत. "माह्या छातीत पुरा तलाव मावते," असं ते सांगत फिरायचे. फुशारकी मारायला त्यांना कोणी शिकवायची गरज नव्हती, आणि खोटी ती कधी नव्हती.

मी आठवीत असताना एक वर्ष असं आलं की धान पोटऱ्यात येण्याआधीच करपलं आणि तलावाचा चिखल झाला. धान नाही, मासळी नाही. उभ्या धानात शेवटी शेवटी फेकलेली लाखोळी मात्र उरल्यासुरल्या ओलीवर आली. तिचं तसंच आहे, काही नसलं की ती असते. गावातल्या एका शेतकऱ्यानं बांध्यांचे धुरे, म्हणजे धानाच्या वावरांचे बांध, उंच करायचं काम काढलं, बाबा तिथे माती उचलायला जायला लागले. मजुरी मिळायची लाखोळीत. त्या माणसाचा यात काही दोष नाही, त्याच्या कोठीतही दुसरं काही नव्हतं.

मग काय, सकाळी लाखोळी, संध्याकाळी लाखोळी. भात असला तर मूठभर. माय लाखोळी शिजवायची ती तिच्या आईनं शिकवलं तशी. रात्रभर भिजत घालायची, सकाळी ते पाणी ओतून द्यायचं. मग मोठ्या गंजात भरपूर पाण्यात उकळी आणायची, तेही पाणी काढून टाकायचं, आणि त्यानंतर खरी शिजवायला ठेवायची. का, ते तिला कोणी सांगितलं नव्हतं, पहिलं पाणी घरात ठेवायचं नाही एवढंच ठाऊक. एक दिवस बाबा तिला म्हणाले, "फेकू नको ते पाणी. बाजूवाल्याच्या बैलाले पाजतो, तोबी बिचारा हाडं हाडं झाला." मायला बरंच वाटलं. बैल लाखोळीचा पाला खातातच, पाण्यानं काय होणार? तेव्हापासून रोज बाबा गंज उचलायचे आणि मागच्या दारानं निघून जायचे.

उन्हाळा तापायला लागला तसे त्यांच्या पिंढऱ्यांत गोळे यायला लागले. माय तेल चोळायची. मग एका दुपारी मातीचं घमेलं डोक्यावर असताना धुऱ्यावरून खाली आले ते स्वतः उठलेच नाहीत. गडी माणसं त्यांना खाटेवर टाकून घरी घेऊन आली. हात चालत होते, तोंड तर चालतच होतं, पण पाय काठीसारखे ताठ. उभं केलं की गुडघे एकमेकांवर आपटायचे, टाच टेकायचीच नाही. आळीतल्या म्हाताऱ्यांनी वारं म्हटलं, कोणी बाहेरचं म्हटलं, कोणी कोंबडं मागितलं. मायनं एका आठवड्यात सगळं करून पाहिलं आणि मग भडकली. "कोंबडं खाऊन तुमचे पाय चालतीन, यायचे नाई," म्हणून तिनं सगळ्यांना दारातून हाकललं. आरमोरीच्या डॉक्टरांनी नागपूरचा रस्ता दाखवला.

नागपूरच्या मोठ्या दवाखान्यात आम्हाला एक तरुण डॉक्टरीणबाई भेटल्या. आज माझं जेवढं वय आहे त्याहून लहानच असतील. त्यांनी बाबांच्या गुडघ्यावर छोटी हातोडी मारली तर पाय असा उडाला की टेबलावरचा पेला खाली. बाबा म्हणाले, "पाहा, ताकद तं हाये अजून!" डॉक्टरीणबाई हसल्या नाहीत. त्यांनी बाबांना मूठ आवळायला लावली, जीभ बाहेर काढायला लावली, ती बराच वेळ पाहिली. मग खुर्ची ओढून मायच्या समोर बसल्या. आम्हा खेड्यातल्यांशी कोणी असं बसून बोलत नाही, म्हणून मला ते नीट आठवतं.

"मेंदूचा हुकूम पायापर्यंत नेणाऱ्या काही पेशी असतात," त्या म्हणाल्या. "त्यांना मोटर न्यूरॉन म्हणतात. यांच्या त्या पेशी दुखावल्या आहेत. आता दोन गोष्टी असू शकतात. एक आजार असा आहे की तो थांबत नाही. पायातून हातात चढतो, मग जिभेत, मग श्वासात. तो कशानं होतो हे बहुतेक वेळा सांगता येत नाही. दुसरा विषानं होतो. ते विष पोटात जायचं थांबलं, की तोही आहे तिथेच थांबतो. गेलेलं परत येत नाही, पण पुढे सरकत नाही. यांचा कुठला, ते मला रक्त तपासून सांगता येणार नाही. वाट पाहून कळेल." आणि मग विचारलं, "घरी काय खाता?"

माय म्हणाली, "लाखोळी."

डॉक्टरीणबाईंनी मान वर केली. किती, कधीपासून, कशी शिजवता, सगळं खोदून खोदून विचारलं. मायनं भिजवण्यापासून सगळं सांगितलं. "मी तं पाणी दोनदा फेकतो बाई, माह्या मायनं शिकवलं तसं." डॉक्टरीणबाई म्हणाल्या, फार चांगलं करता, त्यातलं बरंचसं विष पाण्यातच उतरतं. पण मग त्यांनी बोटांवर हिशेब केला. घरात चार माणसं, एकाच गंजातली डाळ. मी धडधाकट, माझा लहान भाऊ धडधाकट, माय धडधाकट. "मग एकट्या यांनाच का?"

बाबा भिंतीकडे पाहत होते. भिंतीवर गरोदर बाईचं चित्र होतं, त्याच्याकडे एवढं टक लावून पाहायचं काही कारण नव्हतं.

"ते पाणी मी पेत होतो," ते म्हणाले.

"तुम्ही तं बैलाले पाजत होते!" माय म्हणाली.

"बैल कायले पेते? लेकरायच्या ताटात डाळ टाकून गंजात काई उरतच नव्हतं. मी ताट घेऊन बसलो असतो तं त्यायच्यातलीच कमी झाली असती नं? अन् तिकडं माती उचलाची होती. थोडं मीठ टाकलं, मिरची कुस्करली, का पोट भरून जाय. मले वाटे, डाळीची सारी ताकद तं पाण्यातच उतरते."

मायनं डोक्याला हात लावला. "अरे देवा! फेकाचं पाणी पेले हे! सारा उन्हाळा फेकाचं पाणी पेले!" आणि ती तोंड फिरवून ढसाढसा रडली. तिला रडताना मी त्याआधी पाहिलं नव्हतं. डॉक्टरीणबाईंनी तिच्या पाठीवर हात ठेवला.

पुढे कितीतरी जणांनी हे ऐकून उचलली जीभ टाळ्याला लावली आहे. आमच्याच एका पाहुण्यानं तर माझ्यासमोर म्हटलं की अडाणी लोक असेच मरतात. मी त्याला भरल्या ताटावर सुनावलं. चूक होती, हो, चूकच होती, आणि लाखोळीच्या पाण्यात ताकद नसते हे मी आता गावोगाव बोंबलून सांगते. पण लेकरांच्या ताटातला घास कमी होऊ नये म्हणून रोज मागच्या दारी उभं राहून फेकायचं पाणी पिणारा माणूस आधी तुमच्या घरात दाखवा, मग माझ्या बाबांना अडाणी म्हणा. पाहुणा त्यानंतर आमच्याकडे जेवायला आला नाही, आणि कोणाचं काही अडलंही नाही.

परतताना एसटीत उमरेड येईपर्यंत माय एक शब्द बोलली नाही. भिवापूर गेलं आणि तिचं तोंड सुटलं. नागभीड झालं, ब्रह्मपुरी झाली, ती बोलतच होती. बैलाचं नाव सांगून मला फसवलं, माझ्या हातानं विष काढून घेतलं, आता मी कोणाच्या जिवावर लेकरं वाढवू. कंडक्टरसुद्धा मान खाली घालून तिकिटं फाडत होता. बाबा खिडकीबाहेर पाहत सगळं ऐकून घेत होते. त्यांच्या आयुष्यात ते एवढा वेळ गप्प बसले असतील असं मला वाटत नाही.

मग सुरू झालं ते वाट पाहणं. पाय गेले ते गेले, आता हात जातात का हे पाहायचं होतं. आमच्या घरात हात जाणं म्हणजे जाळं जाणं, आणि जाळं गेलं की बाबा कायमचे पाळीवर. घरात लाखोळीचा दाणा यायचा बंद झाला, मायनं त्यासाठी कुठे कुठे तोंड वेंगाडलं ते तिलाच माहीत. सकाळी उठल्या उठल्या ती बाबांच्या पुढ्यात सूत टाकायची, "विणा." ते जाळं विणायचे, आणि ती एकेक गाठ ओढून पाहायची. गाठ घट्ट असली की तिचा जीव खाली पडायचा. जिभेची तपासणी माझ्याकडे होती. मी शाळेतून आले की म्हणायची, "बाबा, बोला काहीतरी." ते वैतागून मला एक सणसणीत शिवी हासडायचे. मी आत ओरडून सांगायची, "माय, जीभ शाबूत हाये!"

आज हसू येतं, पण तेव्हा मी शाळेतून घरापर्यंत रोज पळतच यायची. एखाद्या दिवशी त्यांच्या हातून सुई पडली तरी घरात सगळे हातातलं काम टाकून पाहायचे. बाबा मुद्दाम ती जोरात उचलून दाखवायचे.

पावसाळा सरल्यावर पुन्हा नागपूरला गेलो. त्याच डॉक्टरीणबाई होत्या. त्यांनी पुन्हा हातोडी, पुन्हा मूठ, पुन्हा जीभ, सगळं केलं आणि म्हणाल्या, "चढलेलं नाही. मला वाटतं लाखोळीचंच आहे. पाय असेच राहतील, पण हात तुमचेच आहेत." माय त्यांच्या पाया पडायला वाकली, त्यांनी पडू दिलं नाही. बाबा बाहेर आल्यावर एवढंच म्हणाले, "हात हायेत नं? मंग झालं."

पण झालं नव्हतं. त्या वर्षी तलाव पुन्हा भरला, सोसायटीनं माशांची बोटुकली सोडली, आणि उन्हाळ्यात ओढजाळ पडलं. बाबा दोन काठ्यांवर पाळीपर्यंत गेले आणि म्हाताऱ्यांच्या रांगेत बसले. जाळं दोनदा खुंटाला अडकलं. ज्यानं बुडी मारली त्याला ते नीट सोडवता आलं नाही, एक बाजू फाटली. बाबा पाळीवरून ओरडून ओरडून सांगत होते, डाव्या हातानं, डाव्या हातानं, आणि कोणाला ते ऐकू जात नव्हतं.

वाटे लागले. सोसायटीचे अध्यक्ष तेव्हा आळीतले एक थोरले काका होते, फार भला माणूस. त्यांनी बाबांपुढे अख्खा वाटा आणून ठेवला. कोणी हूं की चूं केलं नाही, सगळ्यांनी मनापासूनच दिला होता. एवढी वर्षं या माणसानं जाळी सोडवली, आता पाय गेले म्हणून काय झालं? बाबांनी त्या ढिगाकडे पाहिलं, मग हातानं मधोमध रेघ पाडली आणि अर्धी मासळी परत काकांकडे सरकवली. "मी पाण्यात उतरलो नाई भाऊ. नियम तो नियम."

काकांनी समजावलं. बाबा हटले नाहीत. घरी आम्ही वर्षभर अर्धपोटी होतो आणि हे महाराज रोहू परत करून राह्यले! मायनं अर्धा वाटा टोपल्यात टाकला, ओठ घट्ट मिटून घरी आली, टोपलं दाणकन आपटलं आणि म्हणाली, "लाथ माराले पाय कुठी हायेत तुमचे? तरी बसल्या बसल्या अख्ख्या वाट्याले लाथ मारली!"

मला वाटलं आता बाबा घर डोक्यावर घेणार. बाबांनी तिच्याकडे पाहिलं आणि ते हसायला लागले. पाय गेल्यापासून पहिल्यांदा, पोट धरून, डोळ्यांत पाणी येईपर्यंत. मायचा राग अजून उतरला नव्हता, पण तिलाही हसू आवरेना. हसणं थांबल्यावर बाबा म्हणाले, "मले पाण्यापर्यंत नेऊन दे. पुढचं मी पाह्यतो."

बोलायला सोपं होतं. पाळीपासून पाण्यापर्यंत नुसता चिखल, त्यात काठी रुतते. त्यांना अंगावर घेऊन छातीभर पाण्यात नेणारं कोणीतरी हवं होतं. आळीतले पुरुष आले असते, पण बाबा कोणाला विचारायला तयार नव्हते. राहिली माय. आणि माय पाण्याला भ्यायची. ढिवराच्या घरची सून, बाजारात मासळी विकण्यात कोणाला हार न जाणारी, पण पाण्यात घोट्याच्या वर कधी गेली नव्हती. तिचं माहेर तिकडे कोरपन्याच्या बाजूला, बापानं जाळं केव्हाच सोडून कापसाच्या मजुरीत जन्म काढलेला. तिला तर विहिरीत वाकून पाहायचीही भीती.

तीन-चार दिवस ती रोज पाळीवर जाऊन पाणी पाहून आली. मग एका सकाळी लुगड्याचा काष्टा मारून उभी राहिली आणि म्हणाली, "चला. पण मी मेली तं लेकरायचं तुम्ही पाह्यजा."

मी पाळीवर बसून ते पाहायची. बाबांचा हात तिच्या मानेवर, तिचा हात त्यांच्या कमरेला, दोघं आडवे आडवे पाय सरकवत चिखलातून चालायचे. ते घसरले की ती घसरायची. गुडघ्याएवढ्या पाण्यात तिचे डोळे मोठे व्हायचे, कमरेएवढ्या पाण्यात ती देवाचं नाव घ्यायची. बाबा तिला चिडवायचे, "डरून राह्यली का?" ती म्हणायची, "चूप बसा, नाईतर इथीच सोडतो." पण छातीभर पाण्यात गेल्यावर एक गंमत झाली. जमिनीवर एकमेकांत अडकणारे बाबांचे पाय पाण्यात अडकत नव्हते. अंगाचा भार पाण्यानं घेतला, हातांनी दोन वल्ही मारली की पाय मागून दोन बांबूंसारखे सरळ तरंगत यायचे. बाबांच्या चेहऱ्यावर तेव्हा जे आलं ते मी अजून विसरले नाही.

एक दिवस त्यांनी तिला न सांगता हात सोडला आणि बुडी मारली. मायनं अशी किंकाळी फोडली की शेतातले लोक पाळीवर धावत आले. बाबा पार तिकडे, शिंगाड्याच्या वेलींजवळ वर निघाले, दात दाखवत. मायनं त्यांना उभ्या पाण्यात शिव्यांची लाखोली वाहिली. शिव्या देता देताच तिच्या ध्यानात आलं की आपण गळ्याएवढ्या पाण्यात एकट्याच उभ्या आहोत, कोणाला न धरता. मग सावकाश दोन्ही हात पाण्यावर पसरून तिनं इकडे तिकडे पाहिलं, आणि मला हाक मारून म्हणाली, "पाह्य गं पोरी, तुही माय कुठी उभी हाये!"

वर्षभर त्यांचं हे चाललं. पुढच्या उन्हाळ्यात ओढजाळाच्या दिवशी ते दोघं सगळ्यांच्या आधी पाळीवर होते. माय काष्टा मारून पुरुषांच्या मधून पाण्याकडे निघाली तेव्हा कुजबूज झाली. एक जण म्हणालाच, जाळ्यात बाईमाणूस कायले? माय त्याच्याकडे न पाहता म्हणाली, "तू उचल मंग यायले. जमते?" तो बाजूला झाला.

जाळं नेहमीच्याच ठिकाणी अडकलं. बाबा खाली गेले. पाण्यावर बुडबुडे आले, थांबले. माय छातीभर पाण्यात, जिथे त्यांना सोडलं होतं तिथेच, एक इंच न हलता उभी. पाळीवर मी भावाचं मनगट धरून बुडबुडे शोधत होते. मग जाळ्याची दोरी सैल पडली, पुरुषांनी एकच आरोळी ठोकली, आणि बाबा वर आले. त्या दिवशी ते कितीदा खाली गेले मला सांगता येणार नाही. प्रत्येक वेळी दमून परत यायचे ते मायच्या खांद्याशी, तिला धरून श्वास घ्यायचे आणि पुन्हा जायचे. जाळं कुठेही न फाटता काठाला लागलं. कतला उड्या मारत होते, मरळ चिखलात तोंड खुपसत होती, आणि माझा भाऊ पाळीवर नाचत होता.

वाटे लागले. आमच्याकडे रीत अशी की एक जण ढिगांकडे पाठ करून उभा राहतो, दुसरा एका ढिगावर बोट ठेवून विचारतो, हा कोणाचा? पाठमोरा माणूस ज्याचं नाव घेईल त्याचा तो वाटा. बाबांचं नाव आलं. भरला, अख्खा वाटा. काकांनी स्वतःच्या हातानं तो त्यांच्यापुढे सरकवला. मी रडत होते आणि मला त्याची शुद्ध नव्हती.

बाबांनी वाट्याला हात लावला नाही.

"आता काय झालं गा?" काका म्हणाले. "मागच्या वर्षी न उतरता देल्ला तं वापस केला. औंदा उतरून भेटला तरी घेत नाई!" सगळे हसले.

"एक वाटा कमी हाये," बाबा म्हणाले.

"कोणाचा?"

"पाण्यात उतरला त्याचा अख्खा वाटा. हेच नं? मंग माह्या बायकोचा कुठी हाये?"

पाळीवर सगळे एकदम बोलायला लागले. बाईचा वाटा पाण्याचा कधी लागला का? ती तं तुले धरून होती, जाळं थोडीच धरलं तिनं! बाबा चिखलात बसलेले, पाय पुढे ताठ पसरलेले, आणि आवाज चढलेला. "जाळं मी सोडवलं. मले तिनं धरलं. तिनं हात सोडला असता तं तुमचं जाळं अजून खुंटाले असतं, अन् मी खाली. घोट्याएवढ्या पाण्याले भेणारी बाई हाये ते. तुमच्यातला कोण तिच्याएवढा भेऊन उतरला, सांगा!"

माय मागे उभी होती, अंगावरून पाणी निथळत. ती पुटपुटली, "मले काऊन मधात ओढता?" पण ती तिथून गेली नाही.

काकांनी सगळ्या ढिगांवरून नजर फिरवली. आणखी एक वाटा लावायचा म्हणजे प्रत्येकाच्या ढिगातून काढावं लागणार, आणि त्या वर्षी कोणाच्याच घरी जास्त नव्हतं. ते उठले. स्वतःच्या ढिगातला सगळ्यात मोठा रोहू त्यांनी उचलला आणि रिकाम्या जागेवर ठेवला. मग बाकीचे एकेक करून पुढे आले. बाई कायले म्हणणारा सगळ्यात शेवटी आला, पण आला. ढीग वाढत वाढत बाकीच्यांएवढा झाला. काका मायकडे वळून म्हणाले, "उचल बाई. तुहा हाये."

बाबांचा वाटा मी आणि भावानं मिळून टोपल्यात घेतला. मायचा आम्ही उचलायला गेलो तर तिनं आमचे हात झटकले. स्वतः चुंबळ केली, स्वतः टोपलं डोक्यावर घेतलं, आणि ओल्या लुगड्यानं, मान ताठ ठेवून, बाजारपेठेच्या रस्त्यानं निघाली. जवळचा रस्ता मागून होता, पण ती पुढूनच गेली. बाबा काठ्या टेकत मागून, आम्ही त्यांच्या बाजूला. दारादारातून लोक विचारत होते, "का बाई, औंदा भाऊले अख्खा वाटा भेटला म्हणते?"

"त्यायचं त्यायले विचारा," माय म्हणत होती. "मले भेटला."